पोटमाळ्यावरचा लॅपटॉप, १६ मेगाहर्ट्‌झची चिप

विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या आमच्या घरी पोटमाळ्यावर एक लॅपटॉप पाच वर्षं पडून होता. भाचीने २०११ साली इंजिनीअरिंगला प्रवेश घेतला तेव्हाचा. दुसऱ्या पिढीचा कोअर आय-३, २ जीबी रॅम, ३२० जीबीची हार्ड डिस्क. तिला नोकरीत ऑफिसचा लॅपटॉप मिळाला आणि हा आमच्याकडे आला. विंडोज ७ सुरू होईपर्यंत चहा उकळून व्हायचा. भंगारवाल्याने सांगितलेली किंमत ऐकून मी तो परत वर ठेवून दिला होता.

मी एका पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये २६ वर्षं असिस्टंट होते. निवृत्त झाल्यावर शेजारच्या बिल्डिंगमधली डिप्लोमाची दोन मुलं प्रोजेक्टचं विचारायला येऊ लागली. दोघांनी पैसे जमवून अर्डुइनो युनो हा प्रोग्राम चढवता येणारा छोटा सर्किट बोर्ड आणला होता, पण घरी कॉम्प्युटर नव्हता. कॉलेजच्या लॅबमध्ये आठवड्यातून दोन तास मिळायचे. बोर्ड खिशात घेऊन फिरणारी ती मुलं बघून मी लॅपटॉप खाली उतरवला. आज तो तीन वर्षं रोज चालतोय. तो कसा उभा केला ते इथे सांगते, म्हणजे तुमच्या माळ्यावरचाही खाली येईल.

मुळात काम किती आहे ते बघा. युनोवरची एटीमेगा ३२८पी ही चिप १६ मेगाहर्ट्‌झवर चालते. प्रोग्रामसाठी तिच्यात ३२ किलोबाइट जागा आहे आणि रॅम फक्त २ किलोबाइट. लॅपटॉपने करायचं एवढंच, की तुम्ही टाइप केलेला मजकूर चिपच्या भाषेत बदलायचा आणि यूएसबीच्या वायरीतून पाठवायचा. आमच्या लॅबमध्ये ८०५१ या जुन्या चिपची प्रॅक्टिकल्स याहून कितीतरी दुबळ्या मशीनवर वर्षानुवर्षं झाली आहेत. शिवाय लॅपटॉपला मुंबईच्या घरात वेगळं टेबल लागत नाही. दोन बाय दीड फुटांच्या प्लायवर मी लॅपटॉप, ब्रेडबोर्ड (सोल्डरिंग न करता सर्किट जोडायची भोकांची पाटी) आणि वायरींचा डबा मांडते आणि काम झालं की तो प्लाय तसाच दिवाणाखाली सरकवते. जोडलेली सर्किट न मोडता दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू करता येते. सारखी मोडामोड झाली की मुलं कंटाळतात, हे मी लॅबमध्ये खूप पाहिलंय.

आधी तपासणी

चार्जर लावण्याआधी लॅपटॉप सपाट लादीवर ठेवा. डुगडुगतोय का, टचपॅड वर उचललाय का, तळाचं झाकण फुगलंय का हे बघा. तसं असेल तर बॅटरी फुगली आहे. तिला टोचू नका, दाबू नका, चार्ज तर अजिबात करू नका. काढता येण्यासारखी असेल तर काढून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. आत स्क्रूने बसवलेली असेल तर जाणत्या माणसाकडून काढून घ्या. बरेच लॅपटॉप बॅटरीशिवाय नुसत्या चार्जरवर चालतात. फक्त वायरीला पाय लागला की मशीन बंद, एवढं लक्षात ठेवायचं.

मग पोर्ट. एकच पेन ड्राइव्ह प्रत्येक यूएसबी पोर्टात लावून बघा आणि चालणाऱ्या पोर्टावर नेलपॉलिशचा ठिपका द्या. मुंबईच्या दमट हवेत पडून राहिलेल्या मशीनच्या पोर्टांत पत्र्यावर हिरवट थर येतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना मऊ टूथब्रश, मशीन पूर्ण बंद असताना. पंख्याच्या जाळीत साठलेली धूळ ब्रशने काढा.

आणखी एक गोष्ट तपासा, जी कुणी तपासत नाही: तारीख. मदरबोर्डावर नाण्याएवढा सेल असतो, बहुधा सीआर२०३२. तो संपला की मशीन दर वेळी काही वर्षं मागच्या तारखेला जागं होतं. तारीख चुकीची असली की इंटरनेटवरच्या साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र पटत नाही आणि लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामचे तयार भाग, डाउनलोड होत नाहीत. आम्ही एक अख्खी संध्याकाळ मोबाईलच्या हॉटस्पॉटला दोष देत घालवली, मग कोपऱ्यातलं २००९ साल माझ्या नजरेला पडलं. सेल बदलला आणि सगळं सुरळीत झालं.

पुसण्याआधी हार्ड डिस्क नीट उघडून बघा. आमच्या या लॅपटॉपवर माझ्या वडिलांच्या पंचाहत्तरीचे फोटो निघाले. ते बाकी कुणाकडेच नव्हते.

खर्च कुठे करायचा

दोनच ठिकाणी. हार्ड डिस्क काढून अडीच इंची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घाला आणि रॅम ४ जीबीपर्यंत न्या. यात एसएसडीचा फरक सगळ्यात मोठा. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर एसएसडी घ्या. १२० जीबी भरपूर झाली.

रॅम घेताना जुनी पट्टी काढून सोबत न्या. त्या काळातल्या लॅपटॉपला डीडीआर३ लागते, दीड व्होल्टची. शेवटी ‘एल’ असलेली डीडीआर३एल १.३५ व्होल्टची असते आणि ती सहसा दीड व्होल्टच्या मशीनमध्येही चालते. उलटं मात्र होत नाही. १.३५ व्होल्टच मागणाऱ्या मशीनमध्ये दीड व्होल्टची पट्टी घालू नका.

खरेदीला मी लॅमिंग्टन रोडलाच जाते. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असतं, बोलताना सगळे लॅमिंग्टनच म्हणतात. विक्रोळीहून दादर, तिथून पश्चिम रेल्वेची स्लो पकडून ग्रँट रोड, पूर्वेला उतरायचं. फास्ट गाडी तिथे थांबत नाही. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. वापरलेली रॅम घेतली तर दुकानात बसवून, मशीन चालू करून दाखवायला सांगा. चांगला दुकानदार लगेच दाखवतो. त्याच फेरीत चांगल्या दोन यूएसबी केबली, एक साधा यूएसबी हब आणि मल्टिमीटर घेऊन या.

सिस्टम कुठली

विंडोज ७चा आधार (मोफत अपडेट) जानेवारी २०२०मध्ये संपला आणि विंडोज १०चा १४ ऑक्टोबर २०२५ला. जुन्या मशीनवर मी लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टमच टाकते. ६४ बिटचा प्रोसेसर असेल, म्हणजे कोअर आय-३ किंवा कोअर टू ड्युओ, तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती किंवा एक्सएफसीई डेस्कटॉपसह डेबियन. छोट्या जुन्या नेटबुकमध्ये ३२ बिटचा अ‍ॅटम असतो. त्याच्यासाठी डेबियन १२ घ्या, कारण ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३मध्ये ३२ बिटचा इन्स्टॉलर राहिलेला नाही.

दुसऱ्या कुणाच्या मशीनवर फाइल डाउनलोड करून रूफससारख्या साधनाने पेन ड्राइव्हवर चढवायची, लॅपटॉप सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबून पेन ड्राइव्ह निवडायचा. लगेच इन्स्टॉल करू नका. आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून वायफाय, कीबोर्ड आणि आवाज बघून घ्या. पुढचं इन्स्टॉलेशन स्क्रीनवरच्या सूचनांप्रमाणे होतं.

बोर्ड दिसेना, ही खरी परीक्षा

नव्या माणसाचा सगळा वेळ इथे जातो, म्हणून इथे जरा थांबते.

जुन्या मशीनसाठी अर्डुइनोचा आयडीई, म्हणजे प्रोग्राम लिहून बोर्डावर चढवायचं सॉफ्टवेअर, १.८.१९ आवृत्तीचा घ्या. २ क्रमांकाचा आयडीई दिसायला छान आहे, पण तो आतून ब्राउझरसारखा भारी आहे आणि कमी रॅमच्या मशीनवर धापा टाकतो. १.८.१९ हलका आहे, त्याची लिनक्ससाठी ३२ बिटचीही प्रत मिळते. ज्यांना टर्मिनलची (आज्ञा टाइप करायच्या खिडकीची) सवय आहे त्यांनी अर्डुइनो-सीएलआय वापरावं, ते त्याहूनही हलकं.

आता बोर्ड लावला आणि पोर्टच्या मेनूत काहीच दिसत नाही. पहिला संशय केबलवर घ्या. बोर्डाला मोबाईलची केबल बसत असेल तर लक्षात ठेवा, मोबाईल चार्जरबरोबर आलेल्या कित्येक केबलींत फक्त वीज नेणाऱ्या दोन तारा असतात, माहिती नेणाऱ्या नसतातच. बोर्डावरचा दिवा लागतो, म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. ज्या केबलीने मोबाईलमधले फोटो कॉम्प्युटरवर घेता येतात ती चांगली. तिला लाल चिकटपट्टी लावून ठेवा आणि घरात कुणालाही चार्जिंगला देऊ नका.

केबल चांगली असेल तर टर्मिनल उघडून ‘सुडो डीमेसेज’ (sudo dmesg) ही आज्ञा द्या; सुडो म्हणजे मशीनच्या मुख्य अधिकाराने आज्ञा चालवणं. तिच्या शेवटच्या ओळींत बोर्ड जोडल्याची नोंद दिसते. मूळ युनो ‘टीटीवायएसीएम०’ (ttyACM0) या नावाने येतो. सीएच३४० ही यूएसबीची चिप असलेले स्वस्त बोर्ड ‘टीटीवाययूएसबी०’ (ttyUSB0) म्हणून येतात. लिनक्समध्ये सीएच३४०चा ड्रायव्हर आधीपासून असतो, वेगळा टाकावा लागत नाही.

नोंद दिसते पण लगेच खाली ‘डिसकनेक्टेड’ येतं का? उबुंटू २२.०४ आणि त्यावर बेतलेल्या मिंटमध्ये हा प्रकार होतो. ब्रेल डिस्प्लेसाठी असलेला ‘बीआरएलटीटीवाय’ (brltty) नावाचा प्रोग्राम सीएच३४०ला ब्रेलचं यंत्र समजून ताब्यात घेतो. घरात कुणी ब्रेल डिस्प्ले वापरत नसेल तर तो प्रोग्राम काढून टाका. कुणी वापरत असेल तर काढू नका, त्यापेक्षा दुसऱ्या चिपचा बोर्ड घ्या.

पोर्ट दिसतो, पण ‘परमिशन डिनाइड’ येतं? लिनक्स सिरीयल पोर्ट वाटेल त्याला उघडू देत नाही. तुमचं युजरनेम ‘डायलआउट’ (dialout) या ग्रुपमध्ये घालावं लागतं. घातल्यावर लॉग आउट करून पुन्हा लॉग इन करा, नाहीतर बदल लागू होत नाही. रोज ‘सुडो’ लावून आयडीई उघडणारी मुलं मी पाहिली आहेत. ती सवय लावून घेऊ नका.

पुढची अडचण, ‘नॉट इन सिंक’. अपलोड कसं होतं हे कळलं की तिचं उत्तर सापडतं. आयडीई पोर्ट उघडतो तेव्हा डीटीआर ही एक रेष खाली जाते. ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून तिचा झटका चिपच्या रिसेट पिनला बसतो. चिप रिसेट होते आणि तिच्यातला बूटलोडर थोडा वेळ कान देऊन ऐकतो: नवा प्रोग्राम येतोय का? तेवढ्यात आयडीईची हाक पोचली पाहिजे, तीही त्याच वेगाने. स्वस्त नॅनो (युनोचा छोटा प्रकार) बोर्डांत पुष्कळदा जुना बूटलोडर असतो, तो ५७६०० बॉडने (बॉड हे वेगाचं माप) ऐकतो आणि आयडीई ११५२००ने बोलत असतो. टूल्स मेनूत प्रोसेसरच्या यादीत ‘ओल्ड बूटलोडर’ निवडा. शून्य आणि एक या पिनांना काही जोडलेलं असेल तर अपलोडपुरतं काढा, कारण यूएसबीचं बोलणं त्याच दोन रेषांवरून जातं.

एवढं करूनही जमलं नाही तर दोष लॅपटॉपकडे आहे की चिपकडे हे ठरवणारी एक चाचणी आहे. युनोची रिसेट पिन ग्राउंडला जोडा आणि शून्य व एक या पिना एकमेकींना जोडा. आयडीईतली सिरीयल मॉनिटर ही खिडकी उघडून काहीतरी टाइप करा. टाइप केलेलं जसंच्या तसं परत आलं तर लॅपटॉप, केबल, ड्रायव्हर आणि बोर्डावरची यूएसबीची चिप, सगळं शाबूत आहे. दोष मुख्य चिपमध्ये किंवा तिच्या बूटलोडरमध्ये आहे. परत आलं नाही तर अलीकडे, लॅपटॉपच्या बाजूला शोधा. लॅबमध्ये या एका चाचणीने माझे कितीतरी तास वाचले.

पोर्ट जपा

यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपपर्यंतच प्रवाह देतो. एलईडी, सेन्सर, बझर यांना तो पुरतो. मोटर किंवा सर्व्हो (ठरावीक कोनात फिरणारी मोटर) त्यावर चालवू नका. सर्व्हो अडकली की व्होल्टेज खाली जातं, बोर्ड मध्येच रिसेट होतो आणि मुलं प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतात. मोटरला वेगळा सप्लाय द्या आणि दोन्हींचे ग्राउंड एकमेकांना जोडा.

एकदा लॅबमध्ये एका मुलाने घाईत १२ व्होल्टची वायर बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनीत घातली. बोर्ड गेला आणि त्याच्यामागे कॉम्प्युटरचे दोन पोर्टही गेले. तो मुलगा इतका घाबरला की दोन आठवडे लॅबमध्ये आला नाही. म्हणून मी बोर्ड नेहमी हबमार्फत लावते. हब म्हणजे पूर्ण संरक्षण नव्हे, पण पहिला मार बहुधा तो खातो आणि तो स्वस्तात बदलता येतो.

रिलेच्या (विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचच्या) पलीकडे घरची २३० व्होल्टची लाइन असेल तर लॅपटॉपची केबल काढूनच ती चालू करा. शिकणाऱ्या मुलांना मी लाइनला हातच लावू देत नाही. १२ व्होल्टचा बल्ब लावून रिले शिकता येते. चार्जर तीन पिनांच्या, अर्थिंग चालू असलेल्या सॉकेटमध्येच लावा. दोन पिनांचा कन्व्हर्टर वापरला की पोर्टाच्या पत्र्याला हात लागल्यावर मुंग्या येतात. चार्जरमधल्या फिल्टरमधून गळणारा तो प्रवाह बोर्डाच्या ग्राउंडवरही येतो.

फार जुन्या लॅपटॉपला नऊ पिनांचा सिरीयल पोर्ट असतो. त्याचा व्होल्टेज आरएस-२३२चा, म्हणजे शून्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे जाणारा. तो चिपला थेट जोडू नका, मध्ये व्होल्टेज जुळवणारी मॅक्स२३२ ही चिप हवीच. आणि पिको, ईएसपी८२६६, ईएसपी३२ हे बोर्ड ३.३ व्होल्टचे आहेत. त्यांच्या पिनीला ५ व्होल्ट देऊ नका.

मराठीत लिहा, पण जागा मोजून

मी मुलांना प्रोग्राममधल्या टिपा (कॉमेंट) मराठीत लिहायला लावते. ‘इथे टाकी भरली का ते बघतो’ असं स्वतःच्या शब्दांत लिहिलं की कळलंय की नाही ते लगेच समजतं. टिपा चिपमध्ये जातच नाहीत, त्यामुळे जागेची काळजी नको. सिरीयल मॉनिटरवर पाठवायचा मजकूर मात्र जागा खातो. युनिकोडमध्ये न, म, स, हलन्त, क, काना, र असे सात तुकडे मिळून ‘नमस्कार’ होतो आणि देवनागरीचा प्रत्येक तुकडा ३ बाइट घेतो. म्हणजे २१ बाइट आणि शेवटचा शून्य धरून २२. रॅम २ किलोबाइट असताना असा मजकूर वाढत गेला की चिप वेड्यासारखी वागायला लागते. मजकुराभोवती ‘एफ’ मॅक्रो, म्हणजे F(), लावला की तो फ्लॅशमध्येच (प्रोग्रामच्या जागेत) राहतो. सोळा बाय दोनच्या साध्या एलसीडीला देवनागरी येत नाही. तिच्यात आपण फक्त आठ अक्षरं स्वतः काढून घालू शकतो, त्यामुळे तिथे शब्द काटकसरीने निवडावे लागतात. आमच्या मुलांनी ‘पाणी’ बसवलं, दोन दिवस चौकटी रंगवून.

युनो सरावाचा झाल्यावर पुढे काय, असं मुलं विचारतात. जुन्या लॅपटॉपला सगळ्यात कमी त्रास देणारा बोर्ड म्हणजे रास्पबेरी पाय पिको. २०२१च्या जानेवारीत आला, २६४ किलोबाइट रॅम आहे. बूटसेल बटण दाबून केबल लावली की तो पेन ड्राइव्हसारखा दिसतो. मायक्रोपायथनची (छोट्या चिपसाठीच्या पायथन भाषेची) फाइल त्यात टाकायची आणि थॉनी हा छोटा एडिटर उघडायचा. दर वेळी कंपाइल होण्याची (प्रोग्राम चिपच्या भाषेत बदलण्याची) वाट बघावी लागत नाही. ईएसपी३२ अर्डुइनोमधून वापरणार असाल तर पॅकेज मोठं आहे, ते चांगल्या नेटवर एकदाच उतरवून घ्या. पहिलं कंपाइल आमच्या आय-३वर बराच वेळ घेतं. पुढची लवकर होतात, कारण न बदललेला भाग तो पुन्हा करत नाही.

एक पुरं काम

एलईडी लुकलुकला की मुलांना काहीतरी घरचं करावंसं वाटतं. आमच्याकडे पाणी पहाटे येतं, वेळ पुढे-मागे होते, आणि कुणीतरी त्यासाठी उठून बसतं. आम्ही पिंपात दोन फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून चालू-बंद होणारे) बसवले, एक तळाशी आणि एक काठाजवळ. खालचा उचलला गेला की पाणी आलं, वरचा उचलला गेला की नळ बंद करायचा. दोन्हींना बझरचे वेगळे आवाज. पाण्यात नुसत्या दोन तारा सोडून काम भागवू नका. त्यांतून डीसी वाहत राहिला की तारा गंजतात आणि तो गंज आपल्याच पाण्यात जातो. स्विचची एक तार पिनीला, दुसरी ग्राउंडला आणि प्रोग्राममध्ये ‘इनपुट पुलअप’ (INPUT_PULLUP). वेगळा रेझिस्टर लागत नाही. लाटेने फ्लोट हलतो, म्हणून स्थिती सलग दोन सेकंद तशीच राहिली तरच ती खरी धरायची.

युनोला स्वतःचं घड्याळ नाही, लॅपटॉपला आहे. म्हणून पहाटे लॅपटॉप चालू ठेवून, पायसिरीयल ही लायब्ररी वापरणाऱ्या दहा ओळींच्या पायथन प्रोग्रामने बोर्डाकडून आलेली प्रत्येक ओळ वेळेसकट फाइलमध्ये लिहून घेतली. पॉवर सेटिंगमध्ये ‘झाकण मिटल्यावर झोपू नये’ असं निवडावं लागतं, आणि गरम हवा बाहेर पडावी म्हणून झाकण जरा उघडंच ठेवायचं. प्रोग्राम पोर्ट उघडताच बोर्ड एकदा रिसेट होतो, त्यामुळे पहिले दोन सेकंद सोडून द्या. महिनाभराची फाइल झाल्यावर धाकट्या मुलाने तिचा आलेख काढला आणि जिन्यात चिकटवला. खालच्या मजल्यावरच्या आजी आता तो बघून गजर लावतात.

जून आला की मी पूर्ण प्लाय जाड प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवते, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. पुड्यांतले दाणे निळ्याचे गुलाबी झाले की बदलते. पावसाळ्यात लॅपटॉप निदान दोन दिवसांआड तासभर चालू करा, आतली ओल त्याच्याच उबेने जाते. डब्यात एक वही ठेवा आणि प्रत्येक प्रोजेक्टला बोर्ड कुठला, प्रोसेसर मेनूत काय निवडलं, कुठल्या लायब्ररीची कितवी आवृत्ती, कुठल्या पिनीला काय, हे पेनाने लिहा. त्या वहीत आता तीन जणांची अक्षरं आहेत, आणि चौथी मुलगी दिवाळीच्या सुट्टीपासून येणार आहे. तिच्यासाठी चालू पोर्टावरचा नेलपॉलिशचा ठिपका मी कालच पुन्हा ठळक केला.